विल्यम मार्शल: बायकोकडून आलं, लेकींकडून गेलं

पागेवाला

मंडळी, गेले दोन महिने एका इंग्रज सरदाराने माझ्या झोपेचं खोबरं केलंय. विल्यम मार्शल. जन्म ११४७ च्या आसपास, मृत्यू १४ मे १२१९. त्याच्या शौर्याच्या गोष्टी नेटवर ढिगाने सापडतील, म्हणून लढाया मी उरकून टाकणार आहे. मला त्याच्या घरात डोकवायचंय.

सुरुवात ११५२ ची. इंग्लंडात तेव्हा भाऊबंदकी पेटलेली. आतेभाऊ स्टीफन गादीवर, आणि मामेबहीण मटिल्डा म्हणते गादी माझी. विल्यमचा बाप जॉन मटिल्डाच्या बाजूचा. त्याचं न्यूबरीचं ठाणं राजाने वेढलं. जॉनने तहाची मुदत मागितली, ओलीस म्हणून पाच-सहा वर्षांचा विल्यम राजाच्या हवाली केला, आणि मुदत मिळताच ठाण्यात धान्य आणि माणसं भरून घेतली. शब्द सरळ मोडला. राजाने निरोप पाठवला, ठाणं सोड, नाहीतर पोराला फासावर चढवतो. जॉनचं उत्तर आलं की खुशाल चढव, याच्याहून चांगली पोरं घडवायला ऐरण आणि हातोडे अजून माझ्यापाशी आहेत.

पोराला फासाकडे नेताना वाटेत अरुंडेलचा अर्ल हातात भाला घेऊन उभा होता. पोरगा त्याला म्हणाला, हा मला द्या ना. राजाने ते ऐकलं आणि त्याला उचलून परत आणलं. मग दरबाऱ्यांनी सुचवलं, गोफणयंत्रातून भिरकावू या. पोरगा यंत्राकडे बघून म्हणतो, हा कसला झोका? राजाच्याने तेही झालं नाही. शेवटी तंबूत दोघं खेळताना दिसतात. रानात उगवणाऱ्या एका झाडाचे लांब दांडे घ्यायचे, ते म्हणजे शिपाई, आणि एकमेकांवर मारायचे. ज्याच्या शिपायाचं डोकं उडालं तो हरला. पोरगा जिंकला. (इंग्रजीत त्या झाडाला प्लँटेन म्हणतात. आपल्या केळ्याशी काही संबंध नाही. मी आधी राजा केळी घेऊन खेळतोय असंच वाचत होतो.)

'मार्शल' हे मुळात आडनाव नव्हे, काम. जुन्या जर्मन बोलीत घोडा आणि नोकर या दोन शब्दांची ती जोडी, म्हणजे मोतद्दारच. पुढे राजवाड्याच्या पागेचा कारभार आणि बरंच काही त्या हुद्द्यात आलं आणि तो वंशपरंपरा झाला. पण विल्यम चौथा मुलगा. कायद्याप्रमाणे थोरल्याला सगळं, बाकीच्यांनी आपलं नशीब शोधायचं. त्याला नॉर्मंडीत आईच्या नात्यातल्या तांकारव्हिलच्या सरदाराकडे शिकायला धाडलं. तिथे त्याचं नाव पडलं खादाड, कारण पोरगा एकतर जेवताना दिसे नाहीतर झोपलेला. विशीत तो नाइट झाला, पहिल्याच लढाईत शूरपणे लढला आणि त्यात घोडा गमावून बसला. मग नाइट होताना मिळालेला झगा २२ सूला विकून त्याने सामान वाहायला एक तट्टू घेतलं.

पुढची वीस-बावीस वर्षं थोडक्यात. मामा पॅट्रिक फ्रान्समधल्या पॉइतूत घातपातात मारला गेला, विल्यम जखमी होऊन कैद झाला, राजा हेन्री दुसरा (त्या मटिल्डाचा मुलगा) याची राणी एलिनॉर हिने दंड भरून सोडवलं. मग तिच्या थोरल्या मुलाचा, 'तरुण राजा' हेन्रीचा, शस्त्रगुरू झाला. तो हेन्री ११८३ मध्ये तापाने गेला, त्याचा राहिलेला नवस फेडायला हा जेरुसलेमला जाऊन आला. ११८९ मध्ये म्हाताऱ्या हेन्री दुसऱ्याच्या पिछाडीला असताना पाठलागावर आलेल्या त्याच्याच बंडखोर मुलाचा, रिचर्डचा, घोडा याने भाल्याने मारला. रिचर्डला मारू शकला असता. काही आठवड्यांत म्हातारा गेला, तोच रिचर्ड राजा झाला, आणि त्याने याला शिक्षेऐवजी बायको दिली.

धाग्याच्या नावातली गोष्ट इथून सुरू होते. बायको इझाबेल द क्लेअर. वय १७ च्या आसपास, हा ४२-४३ चा. तिचा बाप आयर्लंडमध्ये उतरलेला 'स्ट्राँगबो' रिचर्ड, आई लेन्स्टरच्या आयरिश राजाची मुलगी ईफा. बाप वारला, भाऊ वारला, एकटी वारस उरली. अशी मुलगी राजाच्या ताब्यात असायची आणि तिचा हात कुणाला द्यायचा हे राजा ठरवायचा. ती लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेली होती. ऑगस्ट ११८९ मध्ये लग्न झालं आणि चाळिशीतला बिनजमिनीचा शिपाईगडी एका दिवसात वेल्सच्या सीमेवरचं चेप्स्टो, आयर्लंडमधलं जवळजवळ सगळं लेन्स्टर, नॉर्मंडीत आणि इंग्लंडात जहागिऱ्या, एवढ्याचा धनी झाला. पेम्ब्रोक तेवढं दहा वर्षांनी, रिचर्डनंतर गादीवर आलेल्या त्याच्या भावाने, राजा जॉनने दिलं, तेही तिच्याच बापाचं होतं म्हणून.

त्यांना दहा मुलं झाली. पाच मुलगे: विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अन्सेल्म. पाच मुली: मॉड, इझाबेल, सिबिल, ईव्हा, जोन. बापानंतर २६ वर्षांत पाचही मुलगे एकापाठोपाठ गेले आणि एकाच्याही मागे औरस मूल नव्हतं. १२४५ संपता संपता ते घराणं, आडनाव म्हणून, संपलं.

लोक म्हणतात शाप होता. मला काय वाटतं ते नंतर सांगतो. आधी तुम्ही बोला.

---

निंबोणी

लेख आवडला. पण ऐरण-हातोड्याचं वाक्य सगळे मिटक्या मारत सांगतात, आणि त्या ऐरणीला कुणी विचारत नाही. म्हणजे आईला. पाच वर्षांचं लेकरू शत्रूच्या तंबूत आणि नवरा म्हणतोय दुसरं घडवू. ती कोण होती?

---

पागेवाला

निंबोणी, सिबिल तिचं नाव. सॉल्झबरीच्या पॅट्रिकची बहीण. जॉन आणि पॅट्रिक यांचं आधी हाडवैर होतं, शेजारी आणि विरुद्ध बाजूंचे. ते मिटवण्यासाठी जॉनने पहिल्या बायकोला सोडलं आणि सिबिलशी लग्न केलं. पहिल्या बायकोची दोन मुलं होतीच, सिबिलचा विल्यम हा दुसरा मुलगा. म्हणजे ती मुळात तहातली एक अट म्हणून या घरात आली, आणि दहाएक वर्षांत तिचा मुलगा दुसऱ्या तहातली अट म्हणून घराबाहेर गेला.

जॉनच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की तो स्टीफनला ओळखून होता. हा राजा पोर मारणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. बाकी तो कोणत्या मातीचा होता हे सांगायला एक प्रसंग पुरे. ११४१ मध्ये व्हेरवेलच्या मठात तो अडकला, शत्रूने चर्चला आग लावली, छपराचं शिसं वितळून त्याच्या तोंडावर पडलं आणि एक डोळा गेला. तरी शरण आला नाही. सोबतच्या एका नाइटने शरण जाऊ या म्हटल्यावर त्यालाच ठार मारीन म्हणाला.

---

शंकासूर

नेहमीप्रमाणे मी खडा टाकतो. हे सगळं कळलं कुठून? माझ्या माहितीप्रमाणे या माणसावर जुन्या फ्रेंचमध्ये १९ हजारांवर ओळींचं काव्य आहे आणि ते त्याच्या थोरल्या मुलाने पैसे मोजून लिहवून घेतलंय. म्हणजे बखरच की. आपल्याकडे बखरीतलं वाक्य कुणी पुरावा म्हणून दिलं तर तुम्हीच तुटून पडता. सरदार मेला, पोराने भाट लावला, आणि आपण आठशे वर्षांनी डोळे पुसतोय.

---

पागेवाला

शंकासूर, खडा बरोबर जागी पडलाय. ते काव्य १२२० च्या दशकातलं, नेमकं सांगायचं तर १९,२१४ ओळी. पैसे मुलाचे, आठवणी बऱ्याचशा जॉन डर्ली या जुन्या सेवकाच्या. तो आधी मार्शलचा आश्रित पोरगा, मग ढाल वाहणारा, मग उजवा हात. एकच हस्तलिखित उरलं. १८६१ मध्ये लंडनच्या लिलावात पॉल मेयर नावाच्या फ्रेंच पंडिताने ते ओझरतं पाहिलं. विकत घेण्याची ऐपत नव्हती, घेणाऱ्याने ते संग्रहात टाकलं, आणि मेयरला पुन्हा हातात यायला वीस वर्षं लागली. तोवर माणूस राज्यकारभाराच्या कागदांतून माहीत होता, पण राजाशी दांड्यांचा खेळ खेळणारं पोर कुणालाच माहीत नव्हतं.

बखर आहे हे मान्यच. पण बखरीत काय गाळलंय ते बघायला मजा येते. या काव्यात मॅग्ना कार्टा, म्हणजे बंडखोर सरदारांनी राजा जॉनकडून मिळवलेली हक्कांची सनद, जवळजवळ नाहीच! १२१५ च्या त्या सनदेत सरदारांच्या यादीत मार्शलचं नाव पहिलं आहे, राजाच्या बाजूने. आणि राजाला वेसण घालायला जे २५ सरदार नेमले त्यांत त्याचा थोरला मुलगा आहे, बंडखोरांच्या बाजूने. बाप इकडे, लेक तिकडे. पैसे देणारा तोच लेक. भाटाने तिथे शहाणपणाने पान उलटलंय.

---

दर्यावर्दी_मालवण

बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, म्हणजे कुणीही जिंकलं तरी घर शाबूत. हे आमच्या गावच्या निवडणुकीत दर पाच वर्षांनी होतं.

---

हिशेबनीस

मला पैशांत रस आहे. जमीन नाही, हुद्दा नाही, तर विसाव्या वर्षापासून लग्नापर्यंत हा माणूस खात काय होता (खादाड असूनही)? टूर्नामेंट म्हणजे दोन स्वार समोरासमोर भाले घेऊन दौडतात तेच ना? त्यात कमाई कसली?

---

पागेवाला

तो सिनेमातला देखावा नंतरच्या काळातला. १२व्या शतकातली टूर्नामेंट म्हणजे दोन गावांमधला सगळा मुलूख मैदान धरून शेकडो स्वारांची झुंबड. शेतं, द्राक्षमळे, गल्ल्या, सगळीकडे पाठलाग. मारायचं नाही, धरायचं. धरलेल्याचा घोडा आणि साज तुमचा, वर सुटकेचा दंड. विल्यमची खुबी अशी की तो समोरच्या घोड्याचा लगामच पकडायचा आणि स्वारासकट ओढत आपल्या गोटात आणायचा.

हिशेबनीस, तुमच्यासाठी खास: त्याने रॉजर द गोजी नावाच्या नाइटशी चक्क भागीदारी केली. जे मिळेल ते अर्धं-अर्धं. 'तरुण राजा'च्या मुदपाकखान्याचा कारकून विगाँ याने लिहून ठेवलं की एका मोसमात, पेंटेकॉस्टच्या सणापासून लेंटच्या उपासांपर्यंत, या जोडीने १०३ नाइट धरले. घोडे आणि साज वेगळे. मोजदाद ठेवायला मुदपाकखान्याचाच कारकून मिळाला, खादाड माणसाला शोभून दिसतं.

आणि एक प्रसंग. प्लेअर गावच्या टूर्नामेंटनंतर एका बाईने बक्षीस म्हणून भला मोठा पाइक मासा पाठवला. सरदारांनी तो एकमेकांकडे सरकवत शेवटी ठरवलं, मार्शलला द्या. पण मार्शल कुठाय? शोधत गेले तर लोहाराच्या भट्टीत. शिरस्त्राण ठोके खाऊन इतकं चेपलं होतं की डोक्यातून निघेना. स्वारी ऐरणीवर डोकं ठेवून आडवी, आणि लोहार हातोडा-सांडशी घेऊन ते सोडवतोय.

---

निंबोणी

ऐरण आणि हातोडा!! बापाचं वाक्य शब्दशः खरं झालं की.

---

दर्यावर्दी_मालवण

सगळं ठीक, पण पाइक? गोड्या पाण्यातला, काट्यांनी भरलेला. डोकं फुटेस्तोवर लढायचं आणि बक्षीस काय तर हे. निदान सरंगा तरी.

---

टेम्सपार

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहावं लागलं. मी रेडिंगला नोकरी करतो आणि नदीपलीकडे कॅव्हरशॅमला राहतो. इथे आपली मराठी घरं पुष्कळ आहेत, गणपतीत तर कुणाकडे आधी जायचं हा प्रश्न पडतो. मार्शल इथेच, कॅव्हरशॅमलाच वारला ना? सहा वर्षं रोज पूल ओलांडतोय, खाली हंस बघतोय, आणि मला गेल्या महिन्यापर्यंत पत्ता नव्हता. त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल सविस्तर लिहा प्लीज.

---

पागेवाला

टेम्सपार, तुमच्यासाठी लिहितोच, आणि खरं तर हा भाग लिहायलाच मी धागा काढला.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर १२१६ मध्ये राजा जॉन मेला तेव्हा अर्धं इंग्लंड फ्रान्सच्या राजपुत्र लुईच्या हातात होतं. वारस नऊ वर्षांचा हेन्री. तिजोरी रिकामी. सगळ्यांनी राज्याचा कारभार मार्शलवर टाकला, तेव्हा तो सत्तरीला टेकलेला. आधी कुरकुरला, मग म्हणाला की सगळ्यांनी साथ सोडली तर मी या पोराला खांद्यावर घेऊन एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हिंडेन, भीक मागावी लागली तरी. मे १२१७ ला लिंकनची लढाई. म्हातारा एवढा घाईत की शिरस्त्राण न घालताच घोडा काढला, एका पोरसवदा सेवकाने आठवण केली म्हणून मागे वळला. (हेच ते शिरस्त्राण घालणारे, जे एकदा निघता निघत नव्हतं!) लढाई जिंकली, लुईला दहा हजार मार्क देऊन घरी धाडला आणि मॅग्ना कार्टा स्वतःच्या शिक्क्याने दोनदा पुन्हा जारी केली.

१२१९ च्या सुरुवातीला आजारी पडला. लंडनच्या टॉवरमध्ये होता. म्हणाला, मरायचं तर आपल्या घरी. दोन होड्या केल्या, एकीत तो, दुसरीत इझाबेल, आणि टेम्समधून वल्हवत वरच्या अंगाला कॅव्हरशॅमला नेलं. म्हणजे तुमच्या पुलाखालच्या पाण्यातूनच. आणि हो, कॅव्हरशॅमची ती जागाही इझाबेलच्या माहेरच्या वारशातली.

तिथे त्याने निवांतपणे एकेक गाठ सोडवत आणली. छोट्या राजाला पोपच्या प्रतिनिधीच्या हवाली केलं, कारण कुठल्याही सरदाराला दिला तर बाकीचे भांडले असते. मग मृत्युपत्र. धाकट्या अन्सेल्मला काही ठेवायचं त्याच्या मनात नव्हतं, माझ्यासारखंच त्यानेही आपलं आपण मिळवावं म्हणाला. जॉन डर्लीने गळ घातली तेव्हा १४० पौंडांच्या उत्पन्नाची जमीन दिली. चार मुलींची लग्नं झाली होती, जोनचं व्हायचं होतं, तिच्यासाठीही जमीन आणि रोख लावून दिली.

एक दिवस जॉन डर्लीला म्हणाला, गंमत सांगू, तीन वर्षांत प्रथमच मला गावंसं वाटतंय. डर्ली म्हणाला, गा की. तर म्हणे, लोक म्हणतील म्हातारा भ्रमिष्ट झाला. मग मुलींना बोलावलं. थोरली मॉड रडवेली होती, पण बापाचा शब्द म्हणून गोड गायली. धाकट्या जोनने एक कडवं म्हटलं, लाजत, कापऱ्या आवाजात. बाप म्हणाला, गाताना अशी लाजू नकोस, अशाने गाणं नीट होत नाही. आणि शब्द कसे टाकायचे ते तिला म्हणून दाखवलं. अंथरुणाला खिळलेला, पोटात अन्न ठरत नाही, आणि लेकीचं गाणं दुरुस्त करतोय.

टेंपलर या लढवय्या साधूंच्या पंथात शिरून मरायचं त्याने जेरुसलेमपासून ठरवलेलं होतं. वर्षभर आधीच झगा शिवून लपवून ठेवला होता, तो काढला. त्या पंथात बाईला स्पर्श वर्ज्य. म्हणून इझाबेलला म्हणाला, सखे, आता जवळ ये, यानंतर नाही. दोघं रडली.

---

निंबोणी

तीस वर्षांचा संसार आणि शेवटी संन्याशाची छाटी. आपल्याकडचा आतुर संन्यासच हा. गाण्याचं वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बाल्कनीत जाऊन बसले.

---

हिशेबनीस

मृत्युशय्येवर ते १०३ घोड्यांचं पाप आठवलं नाही का? पाद्री काहीतरी बोललेच असतील.

---

पागेवाला

बोलले ना. सांगितलं की टूर्नामेंटमध्ये लुटलेलं सगळं परत केल्याशिवाय मोक्ष नाही. म्हातारा उखडला. म्हणाला, हे पुरोहित आमची फारच चोपून हजामत करतात. मी जन्मात पाचशे नाइट धरले, त्यांचे घोडे, शस्त्रं, साज घेतले, ते आता कुठून आणू? एवढ्यासाठी स्वर्गाचं दार बंद होत असेल तर माझा इलाज नाही.

आणि याहून भारी. घरात ८० नवेकोरे, फर लावलेले झगे आले होते. एक कारकून म्हणाला, हे विकून दानधर्म करू, आत्म्याला शांती मिळेल. त्याला झापलं. पेंटेकॉस्ट जवळ आलाय, माझ्या नाइटांना दरवर्षी या सणाला नवे कपडे मिळतात, या वर्षी शेवटचे मिळतील. दिवाळीच्या तोंडावर नोकरांचे कपडे विकून पूजा घालायला सांगणाऱ्याला आपली आजी जे ऐकवेल, तेच.

जेरुसलेमहून आणलेली दोन रेशमी वस्त्रं त्याने ३० वर्षं कुणाला न दाखवता जपली होती, प्रेतावर घालायला. तीही काढून दिली, आणि सोबत सूचना: वर स्वस्तातलं जाडं करडं कापड घाला, वाटेत पाऊस लागला तर रेशीम खराब व्हायला नको.

---

टेम्सपार

हे वाचून काल लंडनला गेलो होतो तेव्हा मुद्दाम टेंपल चर्चमध्ये गेलो. टेंपलरांचंच ते चर्च, तिथेच त्याला पुरलं. गोल सभामंडपात जमिनीवर दगडी पुतळे आडवे आहेत. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर जळून कोसळलं त्यात पुतळ्यांची बरीच नासधूस झाली. बापाचा चेहरा झिजलाय पण मिशी कळते. शेजारचे दोन पुतळे त्याच्या मुलांचे मानतात, विल्यम आणि गिल्बर्ट. बाहेर वकिलांची कार्यालयं, लोक सँडविच खातायत. मी बराच वेळ उभा राहिलो, रखवालदाराने दोनदा बघितलं.

---

आजोळ

उशिरा आले धाग्यावर. आता शापाचं सांगा. आणि मूळ प्रश्न असा की मुलगा नाही तर दत्तक का नाही घेतला? आपल्याकडे निपुत्रिक सरदार म्हटला की लगेच भाऊबंदांतलं पोर मांडीवर. अर्धी संस्थानं दत्तकांवर चालली.

---

पागेवाला

आजोळ, दत्तक हा प्रकार इंग्रजी कायद्यात नव्हताच. तो थेट १९२६ मध्ये आला. रक्ताचा वारस हवा. मुलगे असतील तर थोरल्याला सगळं, पण मुलगे नसतील तर सगळ्या मुलींना समान वाटा. हे कलम फार महत्त्वाचं आहे, विसरू नका.

आता शाप. मॅथ्यू पॅरिस नावाच्या साधू-इतिहासकाराने तो सांगितलाय. मार्शलने आयर्लंडमध्ये फर्न्सच्या बिशपची दोन गावं बळकावली. बिशपने त्याला बहिष्कृत केलं, मार्शल तसाच मेला. मग बिशप लंडनला राजाकडे आला. राजा म्हणाला, थडग्यापाशी जाऊन त्याला मोकळं करा. बिशप थडग्यासमोर उभा राहून मेलेल्या माणसाशी बोलला: माझी गावं परत मिळाली तर तुला सोडतो, नाहीतर नरकात पड. थोरला मुलगा म्हणाला, गावं रीतसर मिळवलेली आहेत, एक वीतही देणार नाही. त्यावर बिशपने शाप दिला की एका पिढीत या घराचं नाव बुडेल.

आता मुलगे कसे गेले ते बघा. थोरला विल्यम १२३१ मध्ये अचानक. त्याची बायको राजाची बहीण एलिनॉर, लग्नात ती अवघी नऊ वर्षांची होती, विधवा झाली तेव्हा सोळा. रिचर्ड राजाशी भांडला, १२३४ मध्ये आयर्लंडच्या करॅच्या माळावर चर्चेला म्हणून गेला, सोबतचे बरेचसे पळाले, जखमी होऊन किलकेनीत मेला. गिल्बर्टला लहानपणी पाद्री करायचं ठरलं होतं, भाऊ गेल्याने झगा उतरवून अर्ल झाला आणि १२४१ मध्ये हर्टफर्डच्या टूर्नामेंटमध्ये लगाम तुटून घोड्यामागे फरफटला. बाप लगाम पकडून श्रीमंत झाला, मुलगा लगाम तुटून गेला. वॉल्टर नोव्हेंबर १२४५ मध्ये, आणि अन्सेल्म त्यानंतर महिन्याभरातच, हुद्द्याची वस्त्रं मिळण्याआधीच. तोच अन्सेल्म, ज्याला बाप काही देणार नव्हता.

---

शंकासूर

मॅथ्यू पॅरिसने हे लिहिलं तेव्हा पाचही मुलगे मेलेले होते. निकाल लागल्यावर भाकीत वर्तवायला काय जातंय! एक नवरा बालवधूचा, एक तिशी-चाळिशीपर्यंत पाद्री होता होता राहिलेला, एक लढाईत, एक खेळात. यात शाप कुठे दिसतो? फार तर वाईट फासे.

---

आजोळ

शंकासूर, तुमचं पटतं. पण आमच्या गावात एका घराला 'देवाची जमीन खाल्ली म्हणून' तीन पिढ्या मुलगा नव्हता असं अजून सांगतात. चौथ्या पिढीत जुळे झाले, तरी सांगतात.

---

निंबोणी

मला एक खटकतंय. 'घराणं संपलं' असं सगळे लिहितात. पाच मुली होत्या की! त्यांना मुलं झाली नाहीत का? आणि इझाबेल नुसती वारसा घेऊन आलेली पेटी होती का? तिने काहीच केलं नाही?

---

पागेवाला

निंबोणी, मी याचीच वाट बघत होतो.

आधी इझाबेल. १२०७ मध्ये राजा जॉनने मार्शलला आयर्लंडमधून बोलावून घेतलं. धाकदपटशाच होता, दोन मुलगे आधीच राजाकडे ओलीस. (ज्या माणसाला बापाने ओलीस दिलं, त्याने स्वतःचे मुलगे दिले. हे त्याने कसं गिळलं असेल देव जाणे.) निघण्यापूर्वी किलकेनीत त्याने सगळ्या सरदारांना जमवलं आणि इझाबेलचा हात धरून पुढे आणलं. ती गरोदर होती. म्हणाला, ही तुमची जन्माने मालकीण, तुम्हाला जमिनी दिल्या त्या अर्लची मुलगी. माझ्याकडे जे आहे ते हिच्यामुळे आहे. भर सभेत, सगळ्यांसमोर.

हिवाळ्यात समुद्र बंद, बातमी नाही. इंग्लंडात गिल्डफर्डहून निघताना घोड्यावरून जाता जाता राजा जॉनने त्याला सांगितलं की किलकेनीला वेढा पडला, तुझी भली भली माणसं मेली. साफ थाप होती. माणूस हलतो का ते बघायचं होतं. तो हलला नाही. वसंतात खरी बातमी आली, ती उलटीच: इझाबेल आणि तिच्या माणसांनी राजाच्या सुभेदाराला, मेलर फिट्झहेन्रीला, नमवून ओलीस घेतले होते.

आता मुली. १२४५ पर्यंत इझाबेल, सिबिल आणि जोन गेल्या होत्या, पण सगळ्यांच्या मागे लेकरं होती. एकट्या सिबिलला सात मुली, त्यामुळे तिच्या वाट्याचे पुन्हा सात तुकडे! लेन्स्टरचे पाच भाग झाले: मॉडच्या वाट्याला कार्लो, इझाबेलच्या शाखेला किलकेनी, सिबिलच्या किल्डेअर, ईव्हाच्या डनमेझ, जोनच्या वेक्सफर्ड. मार्शलचा हुद्दा मॉडला मिळाला, तिच्याकडून तिच्या मुलाला, आणि पुढे बराच फिरत नॉरफोकच्या ड्यूकांकडे. २०२३ च्या राज्याभिषेकाची व्यवस्था ज्या 'अर्ल मार्शल'ने पाहिली, तो हाच हुद्दा. दुसरी मुलगी इझाबेल हिच्या मुलीचा नातू म्हणजे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस.

तर माझं मत असं: बिशपचा शाप लागला तो फक्त आडनावाला. जमीन एका मुलीच्या हातातून आली आणि पाच मुलींच्या हातातून पुढे गेली. मधली ५६ वर्षं मार्शल नाव लावलेल्या पुरुषांनी ती सांभाळली, एवढंच.

---

दर्यावर्दी_मालवण

म्हणजे घरजावई म्हणा की!

---

पागेवाला

हाहा, पण लेन्स्टरचा घरजावई व्हायला कुणाची ना असेल?

---

हिशेबनीस

सिबिलचे तुकडे: एकपंचमांशाचा सातवा म्हणजे पस्तिसावा हिस्सा. कारकुनांचे हाल झाले असणार. शिवाय थोरल्या विल्यमची ती विधवा एलिनॉर, तिचा विधवेचा हिस्सा?

---

पागेवाला

तो तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे. तिने आजन्म व्रत घेतलं, १२३८ मध्ये ते मोडून सिमोन द माँफोर्टशी लग्न केलं आणि आपल्या हिश्शासाठी भावाशी, म्हणजे राजाशी, वर्षानुवर्षं भांडत राहिली. त्या भांडणाचा धूर पुढे यादवीपर्यंत गेला. सवडीने लिहीन.

---

निंबोणी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि ती धाकटी, लाजत गाणारी जोन? तिचं पुढे काय झालं?

---

पागेवाला

बापानंतर तिचं लग्न वॉरिन द मंशेन्सीशी झालं. १२३४ च्या सुमारास गेली, तरुणच. तिची मुलगी, नाव जोनच, तिला वाटणीत पेम्ब्रोकचा किल्ला मिळाला. आजोबांनी बांधलेला तो गोल बुरूज, सुमारे ७५ फूट उंच, अजून उभा आहे.

---

टेम्सपार

पुढच्या बँक हॉलिडेला पेम्ब्रोक. वाटेत चेप्स्टोलाही थांबेन. तिथले लाकडी दरवाजे मार्शलच्या काळातले आहेत आणि १९६२ पर्यंत वेशीलाच लटकत होते म्हणे, आता आत ठेवलेत. फोटो टाकतो इथेच.